ताटातुटीचे प्रश्न

मे महिन्यातल्या एका दुपारी मी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया उलटत होते आणि खाली फोन वाजला. धावत येऊन उचलला. एक बारीक, ओळखीचा आवाज आला. “बाई, मंगल बोलतीया. सांगलीच्या बाई गेल्या.” मी काही विचारायच्या आतच ती पुढं म्हणाली, “मी जवळच हुते. त्यांचा हात धरून बसले हुते.” एवढं बोलून तिनं फोन अरविंदरावांकडं दिला. ते काय बोलले हे मला आज आठवत नाही. मंगलचं वाक्य तेवढं कानात राहिलं आहे.

सांगलीच्या बाई म्हणजे विजया, माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, सांगलीतल्या एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवणारी. अरविंदराव तिचे यजमान. आणि मंगल ही आमच्या शाळेतली जुनी विद्यार्थिनी, यंदाच दहावीची परीक्षा दिलेली. शेवटचे काही आठवडे ती विजूच्या उशाशी बसून होती. भेटायला येणाऱ्यांपैकी कुणी तिला भाची समजलं, कुणी सोबतीला ठेवलेली मुलगी. दहाव्याला तर एका बाईंनी तिला चहाचे कप उचलायला सांगितले आणि तिनंही ते मुकाट्यानं उचलले. शोकसभेत विजूविषयी पुष्कळ बोललं गेलं. तिची शिकवण्याची हातोटी, तिचा हजरजबाबीपणा, विद्यार्थ्यांवरची माया. तिच्या सहकारी प्राध्यापकांनी जाता जाता एक वाक्य टाकलं, ‘त्यांचे संशोधन मात्र काही कारणाने अपुरे राहिले.’ ते कारण मला माहीत आहे. विजूनं ते कधी लपवलं नव्हतं. कुणी विचारलं असतं तर तिनं सांगितलंही असतं. पण कुणी विचारलं नाही, आणि आता ती सांगायला नाही, म्हणून मी लिहायला बसले आहे.

आम्ही वसतिगृहात एका खोलीत होतो. मी आष्ट्याची, ती साताऱ्याची. पहिल्या आठवड्यात सगळ्या मुली घरच्या आठवणीनं रडत होत्या, मी तर उशीत तोंड खुपसून. विजू तेवढी खाटेवर मांडी घालून शेंगा फोडत आमच्याकडं बघत बसलेली. “तुला नाही का गं आठवण येत?” मी रागानंच विचारलं. “येते की. रडू येत नाही. तुम्हांला कसं येतं ते बघतेय,” ती म्हणाली. मला तेव्हा ती फार कोरडी वाटली. पुढं ओळख वाढली तेव्हा कळलं, तिची आई सरकारी दवाखान्यात नर्स होती, सारख्या बदल्या व्हायच्या, म्हणून विजू साताऱ्यात मावशीकडं वाढली. आई सुट्टीवर यायची, चार दिवस राहायची आणि जायच्या दिवशी विजू शाळेत गेली की निघायची. पोरीला निरोपाचा त्रास नको म्हणून. “घरी आले की पहिल्यांदा कोपऱ्यात आईच्या पिशव्या आहेत का ते बघायची मी,” विजू हसत हसत सांगायची, “नसल्या की हातपाय धुवायचे आणि अभ्यासाला बसायचं. कुणाला विचारायचं नाही, कारण विचारलं की मावशीला वाईट वाटायचं.” तिनं मानसशास्त्र का घेतलं याचं उत्तर मला त्या पिशव्यांमध्ये दिसतं. तिनं स्वतः तसं कधी म्हटलं नाही.

नव्वद-एक्याण्णव साल असेल. विजूला कॉलेजात नोकरी लागून बरीच वर्षं झाली होती आणि आता पीएच. डी. करायचं तिनं मनावर घेतलं होतं. विषय होता, आईपासून दूर व्हायची भीती बाळगणारी शाळकरी मुलं. अशी मुलं प्रश्नावलीवरून वेळीच ओळखायची आणि मग त्यांना मदत करायची. मार्गदर्शक सरांनी तिला एक इंग्रजी प्रश्नावली दिली होती. तिचं मराठी करायला विजू रविवारी आमच्याकडं आष्ट्याला यायची, कारण मी प्राथमिक शिक्षिका, मुलं कशी बोलतात ते मला ठाऊक. कागदाच्या माथ्यावर तिनं ‘विभक्ततेची चिंता’ असं लिहून आणलं होतं. मी म्हटलं, “विजू, हे ऐकून माझ्या वर्गातल्या आया रेशनकार्डं घेऊन येतील, कुटुंब विभक्त करायचंय म्हणून. ताटातुटीची भीती म्हण.” तिनं तिथल्या तिथं खोडून तसं लिहिलं.

सासरही माझं आष्ट्यातलंच; सासूबाई शेजारी भाजी निवडत बसलेल्या असायच्या. विजू एकेक प्रश्न मोठ्यानं वाचायची. ‘तुमचं मूल खोलीत एकटं झोपायला घाबरतं का?’ सासूबाईंनी मान वर केली. “एकटं कोन झोपतंय गं? मी आज इतक्या वर्सांची झाले, मी न्हाई कवा एकटी झोपले.” विजू हसली आणि तो प्रश्न काढला. ‘मूल मित्राच्या घरी मुक्कामाला राहतं का?’ “मामाकडं ऱ्हातंय की. मित्राच्या घरी कशाला ऱ्हाईल, त्याला काय घर न्हाई?” तोही गेला. असं करत करत मूळ प्रश्नावलीतले निम्मे प्रश्न गळाले आणि त्यांच्या जागी आमच्याकडचे आले. आई बाजाराला निघाली की मूल मागं धावतं का... शाळेच्या वेळेला पोट दुखतं का... आई जवळ नसताना तिला काही होईल असं वाटतं का. प्रत्येक प्रश्नाला तीन उत्तरं होती, ‘कधीच नाही’, ‘कधी कधी’ आणि ‘नेहमी’. एक कागद मुलासाठी, एक आईसाठी. गुण जास्त झाले की ते मूल बाजूला काढून नीट बघायचं. विजू म्हणायची, “ही नुसती चाळण आहे, कुसुम. चाळणीत काय राहिलं ते हातात घेऊन बघायचं काम नंतरचं.”

कॉलेजच्या सुट्ट्या बघून ती सातारा-सांगलीकडच्या शाळा फिरू लागली. घाटात तिला गाडी लागायची. तोंडात आवळासुपारी धरून, डोळे मिटून ती एसटीत बसायची. कोयनानगरला मीही तिच्याबरोबर गेले होते. धरणाच्या वसाहतीतली ती मुलं, भूकंपाचे लहानमोठे धक्के त्यांच्या रोजच्या बोलण्यातले. तिथं एका मुलानं बहुतेक प्रश्नांना ‘नेहमी’ म्हटलं. विजूनं त्याला जवळ घेऊन विचारलं, तर तो शहाण्या माणसासारखा म्हणाला, “बाई, जमीन हलली तर मी इथं आणि आई तिथं. मग मी कसा पोचणार?” परतीच्या एसटीत विजू कऱ्हाड जवळ आल्यावर म्हणाली, “त्या पोराला आजारी कसं म्हणायचं? त्याची भीती खरी आहे. त्याला आपण एवढंच सांगू शकतो की शाळेतून घरी जायचा रस्ता कोणता.” सरांना विचारून तिनं कोयनेच्या मुलांचे कागद वेगळे ठेवले. मी हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढं जे झालं त्यावरून कुणाला वाटेल की विजू पुस्तकी होती. ती तशी नव्हती.

त्याच वर्षी ती माझ्या शाळेत आली. मी तेव्हा आष्ट्याजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. मंगल तिसरीत होती. हुशार, अक्षर मोत्यासारखं, पण शाळेत बसायची नाही. सकाळी पोट धरून रडायची. चुलता तिला खांद्यावर टाकून आणून सोडायचा, तर मधल्या सुट्टीत ती उसाच्या फडाकडेनं पळत घर गाठायची. तिचा बाप, हणमंत, मिलिटरीत होता, वर्षाकाठी एकदा सुट्टीवर यायचा. घरात आजी, चुलता-चुलती आणि आई शोभा. विजूनं मंगलकडून कागद भरून घेतला. पोरीनं एकाही प्रश्नाला थांबून विचार केला नाही. नेहमी, नेहमी, नेहमी... मग आम्ही तिच्या घरी गेलो. आईसाठीच्या कागदावरची उत्तरं आजीनंच दिली. “लय लाडावलीया, बाई. बाप हितं न्हाई, धाक कुनाचा न्हाई. आईचा पदर सोडंना झालीया.” शोभा चौकटीला टेकून उभी होती. विजूनं तिला दोनदा विचारलं, “तुम्हांला काय वाटतं?” दोन्ही वेळेला ती आजीकडं बघून म्हणाली, “त्या म्हनत्यात तसंच हाय.”

तोपर्यंत तपासलेल्या मुलांमध्ये मंगलचे गुण सगळ्यांत जास्त आले. विजूनं तिच्यावर जीव तोडून मेहनत घेतली. मारायचं नाही, ओढून आणायचं नाही, हे तिनं चुलत्याकडून कबूल करून घेतलं. मग एकेक पायरी ठरवली. पहिल्यांदा शोभानं मुलीबरोबर येऊन वर्गात मागं बसायचं. नंतर व्हरांड्यात. मग फाटकाशी. मग मारुतीच्या देवळापर्यंत सोडून परत जायचं. घरची कामं अडतात म्हणून आजी कुरकुरली, पण विजूनं तिलाही गोड बोलून वळवलं.

शोभा शाळेत येऊन बसायची ते दिवस मला आज सगळ्यांत जास्त आठवतात. पहिले दोन दिवस ती मान खाली घालून होती. मग ती शेंगा निवडायला आणू लागली, मधल्या सुट्टीत माझ्याजवळ बसू लागली. एकदा मी फळ्यावर पाढे लिहिताना चुकले आणि ती हळूच म्हणाली, “बाई, सात सक्कं बेचाळीस.” तेव्हा कळलं, ती सातवीपर्यंत शिकली होती, माहेरी रहिमतपूरला. मुली खेळत असल्या की ती हसायची. चेहरा उजळायला लागला होता तिचा. मंगल पोट धरायची बंद झाली. आम्हांला वाटलं, उपाय मुलीला लागू पडतोय. तो आईलाही लागू पडत होता, रोज चार भिंतींबाहेर येऊन कुणाशी तरी बोलायला मिळत होतं, हे तेव्हा लक्षात यायला काही कारणच नव्हतं. आणि ठरल्याप्रमाणे पायरी पायरीनं आम्ही शोभाला शाळेतून मागं मागं नेत गेलो.

ती देवळापासून परत जायला लागली त्या आठवड्यात विजू आली होती. मंगलसाठी तिनं कंपासपेटी आणली होती. मंगलनं ती उघडून बघितली, बंद केली आणि विचारलं, “बाई, मी शाळंत असताना आईकडं कोन बघनार?” विजू तिच्यापुढं उकिडवी बसली, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि फार मायेनं म्हणाली, “आई मोठी आहे ना मंगल, ती स्वतःकडं बघते. आईची काळजी करणं हे लहान मुलांचं काम नाही. तुझं काम काय? शिकायचं, खेळायचं.” मंगलनं मान हलवली. अशा मुलांना हेच सांगायचं असतं. शेकडो आई-बापांनी, शिक्षकांनी हेच सांगितलं असेल आणि ते बरोबरच असेल. त्या दिवसापासून मंगल पूर्ण वेळ शाळेत बसू लागली. सहामाही परीक्षेत ती वर्गात दुसरी आली. शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी विजूचं कौतुक केलं.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत एका दुपारी चुलता वर्गाच्या दाराशी आला. त्याला धाप लागली होती. मंगल पुढच्या बाकावर बसून कविता उतरवत होती. तो तिच्याकडं न बघता मला म्हणाला, “बाई, जरा भाईर या.” शोभानं जीव दिला होता. घरची सगळी माणसं शेतात भांगलणीला गेली होती, घरात ती एकटीच होती.

मग हळूहळू सगळं कळत गेलं. दोन वर्षांपूर्वी तिचं दुसरं बाळंतपण झालं होतं आणि मूल आठवड्यात गेलं. तेव्हापासून ती नीट जेवत नव्हती, रात्र रात्र जागी असायची. घरच्यांनी अंगारे-धुपारे केले, माहेरी धाडून बघितलं. एकदा दिवेलागणीला ती कुणाला न सांगता घराबाहेर पडली होती. मंगल तेव्हा सहा वर्षांची. ती मागं पळाली, आईच्या पदराला धरून रस्त्यातच बसली आणि उठेना. शोभा तिच्याबरोबर परत आली. असं पुन्हा एकदा झालं. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बाहेर बोलायचं नाही असं ठरलं होतं, हणमंतालाही पत्रातून कळवलं नव्हतं, तो तिकडं सरहद्दीवर, त्याच्या जिवाला घोर नको म्हणून. आजी वाईट नव्हती. “आमाला वाटलं हुईल बरी. बाईमानसाचं हुतं असं, आन् बरं बी हुतं,” असं म्हणून ती कपाळ बडवून घेत होती.

विजू दुसऱ्या दिवशी सकाळीच आली. मंगल ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. विजू तिच्या शेजारी जमिनीवर बसली. मग मंगलच बोलली. तिच्या आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं, घरच्या अभ्यासातलं न समजलेलं विचारावं तसं तिनं विचारलं. “बाई, तुमी म्हनला हुता आई मोठी हाय. सवताकडं बघती म्हनला हुता.”

एसटीच्या थांब्यापर्यंत आम्ही चालत निघालो, तर अर्ध्या वाटेत ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर विजू बसली. “कुसुम, तिनं मला विचारलं होतं गं. सरळ विचारलं होतं, आईकडं कोण बघणार म्हणून. मी तिला उत्तर दिलं... मी तिला उलट विचारायला हवं होतं, का गं, आईकडं बघावं का लागतं?” थोड्या वेळानं ती म्हणाली, “कोयनेला मला कळलं होतं. तिथं जमीन हलते ती सगळ्यांना दिसते. इथं एकट्या पोरीला दिसत होती, आणि तिलाच मी आजारी ठरवलं.”

तिनं पीएच. डी. सोडली. सरांनी तिला परोपरीनं समजावलं. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि मी आज तिच्या माघारी हे लिहिते आहे म्हणून ते चुकीचं होतं असं भासवणार नाही. ते म्हणाले, बहुतेक मुलांच्या भीतीला खरंच असं काही कारण नसतं, त्यांना या कामाचा उपयोग होईल, आईच्या तब्येतीविषयी एक प्रश्न वाढवा आणि पुरं करा. मीही तेच सांगितलं. भांडले तिच्याशी. त्या प्रश्नावलीमुळं रहिमतपूरच्या, आष्ट्याच्या शाळांतली कितीतरी मुलं मार न खाता शाळेत बसायला लागली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “कुणीतरी करील पुरं. माझ्याच्यानं आता आकडा लिहवत नाही.” कुणी केलं नाही. आमच्या भागात तसं काम नंतर झालेलं मला तरी माहीत नाही. तिच्या जाण्याइतकीच ही हळहळ मला वाटते. ते काम तिच्याच हातचं होतं.

हणमंत सुट्टी काढून आला तेव्हा विजू त्याला भेटली. तो उंच, ताठ माणूस तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला. “म्याडम, तुमी परक्या असून बघायला आला. आमी तर घरचीच मानसं हुतो.” त्यानं मंगलला तिच्या मामाकडं, रहिमतपूरला ठेवलं आणि तो पुन्हा ड्यूटीवर गेला.

विजू दर महिन्याला पॅसेंजरनं रहिमतपूरला जाऊ लागली. ती आली की मंगल आतल्या खोलीत जाऊन बसायची. बाहेर यायची नाही, बोलायची नाही. मामीला संकोच व्हायचा. “कशाला येवढा तरास घेताय, बाई? ती काय येत न्हाई.” विजू म्हणायची, “मी तुम्हांला भेटायला येते.” आणि खरंच मामीजवळ बसून चहा प्यायची, मेथी निवडू लागायची, तिच्या पाठदुखीची चौकशी करायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायची. असं वर्षभर चाललं. एकदा ती परत निघाली, स्टेशनच्या रस्त्याला लागली, तर मागं कुणीतरी चालत असल्याचं तिला जाणवलं. तिनं वळून पाहिलं नाही. फलाटावर पोचल्यावर मंगल पुढं आली आणि म्हणाली, “परत कवा येनार?” विजूनं महिन्याचा दुसरा रविवार सांगितला. त्यानंतर तिनं दुसरा रविवार कधी चुकवला नाही, घरात लग्नकार्य असलं तरी नाही. एकदा गाडी वाटेत खोळंबली आणि ती पोचेपर्यंत दिवस मावळला. मंगल फलाटावरच्या बाकावर बसून होती. मामा शेजारी कंटाळून उभा. “ही उठायचं नाव घेईना,” तो म्हणाला. मंगल उठली, विजूच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, “मला वाटलं...” विजूनं ते मला सांगितलं तेव्हा तिला रडू फुटलं. वसतिगृहाच्या खोलीत न रडलेली विजू मी पहिल्यांदाच तशी पाहिली.

गेल्या दिवाळीनंतर तिचा आजार कळला तो फार पुढं गेलेला. तिला प्रवास झेपेना. तिनं मला बोलावलं आणि सांगितलं, “तू रहिमतपूरला जा. मंगलला खोटं सांगू नकोस. बरी होऊन येईन असं म्हणू नकोस. तिला कुणी अचानक काही कळवलेलं मला नको आहे.” मी गेले. मंगल आता उंच झाली होती, बापासारखी. परसात दोरीवर कपडे वाळत घालत तिनं सगळं ऐकलं. “किती दिस?” एवढंच विचारलं. डॉक्टर सांगत नाहीत, म्हटलं. ती म्हणाली, “परीक्षा झाली की मी येते. त्यास्नी तसं सांगा.”

आणि ती आली. एप्रिलमध्ये, मामाबरोबर, हातात एक पिशवी घेऊन. डॉक्टरांनी विजूला तोवर घरी पाठवलं होतं. मीही त्या दिवशी तिथं होते. मंगल विजूच्या खाटेजवळ बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. विजूनं तिला विचारलं, “तुझा राग आहे ना गं माझ्यावर?” अरविंदरावांनी वर्तमानपत्रातून मान वर काढली. मंगलच्या हातातली घडी मोडली नाही. “हुता. लय हुता.” “आणि आता?” मंगलनं थोडा विचार केला. “आता बी हाय थोडा... पन म्हनून काय मी यायची ऱ्हाईन व्हय?” विजूनं डोळे मिटले. सात वर्षं ती हे ऐकायची वाट बघत होती, असं मला वाटलं. तिला माफी नको होती. खरं उत्तर हवं होतं, आणि ते तिला मिळालं.

दोन दिवसांनी मामा परत न्यायला आला तेव्हा मंगल म्हणाली, “मी ऱ्हाते.” मला ते पटलं नव्हतं. एवढ्याशा मुलीनं दुसऱ्यांदा मरण का बघावं? मी विजूजवळ तसं बोललेही. ती म्हणाली, “बाहेर पाठवलं तर ती बाहेर बसून राखण करील, कुसुम, एकटीच. त्यापेक्षा आत बसू दे, आपल्या सगळ्यांबरोबर.” आणि मामाला तिनं सांगितलं, “राहू द्या तिला.” म्हणून मेमधल्या त्या दुपारी अरविंदराव औषधं आणायला गेलेले असताना विजूजवळ मंगल होती.

जूनमध्ये शाळा उघडल्या. मी आता आष्ट्यातल्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. पहिलीच्या प्रवेशाच्या दिवसांत दरवर्षी विजू आमच्याकडं यायची आणि ऑफिसात माझ्या शेजारी बसायची. फाटकाशी मूल हात-पाय आपटून रडत असलं की बाकीच्या शिक्षिका त्या मुलाकडं धावायच्या, चॉकलेट, फुगा, काय काय. विजू मुलाकडं जायचीच नाही. ती त्याच्या आईला आत बोलवायची, खुर्ची द्यायची, तांब्याभांडं पुढं करायची आणि तिची विचारपूस करायची. मुलाविषयी एक अक्षर नाही. यंदा ती खुर्ची रिकामी होती. मला वाटत होतं, आपल्याला ते जमणार नाही.

परवा एक बाई आली, पदराला लोंबकळलेला मुलगा घेऊन. “लय रडतंय बाई, काय करावं कळंना झालंय.” मी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं. म्हटलं, “त्याचं राहू दे. तुम्ही कशा आहात?” तिनं मागं वळून बघितलं, मी दुसऱ्या कुणाला विचारतेय की काय म्हणून. “मी व्हय? मी बरी हाय की.” मी घाई केली नाही. बाहेर प्रार्थनेला मुलं उभी राहिली होती. तिनं भांडं खाली ठेवलं, पदरानं तोंड पुसलं. मुलाचं रडणं केव्हाच थांबलं होतं आणि तो आईच्या तोंडाकडं टक लावून बघत होता. “खरं सांगू का, बाई...” ती म्हणाली. मी उठून दार लोटलं आणि तिच्यासमोर येऊन बसले.